सहाव्यांदा परत आलेलं काम

"दादा, तुमचा मोबाईल भरला असन तर तेवढा प्लग द्या न!"

श्रावणाची भुरभुर ओढणीवरून झटकत निकिता म्हणाली. बाकावरच्या तरुणाने हसून चार्जर काढला. कामरगावात कालपासून लाईट नव्हती. म्हणून सोमवारची महादेवाची पूजा आटोपून ती लॅपटॉप घेऊन उपाशीपोटीच जीपने कारंज्याला आली होती, इन्व्हर्टर असलेल्या या झेरॉक्सच्या दुकानात.

एकाच मोठ्या कम्प्युटरात अनेक आभासी कम्प्युटर चालवतात. त्यांना सांभाळणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा साठा, जगभरातली माणसं मिळून, फुकट लिहितात. कंटेनर हा त्याहून हलका प्रकार... वेगळं घर न बांधता एकाच घरात आडोसा घालून केलेली खोली जशी. अशा खोल्याही लायब्ररीला सांभाळता याव्यात, म्हणून निकिता आठ महिने खपत होती. आज पाचच्या आत मंजुरी मिळाली नाही, तर नव्या आवृत्तीत तिचं काम जाणार नव्हतं.

"काय करून राह्यल्या एवढं?" त्याने विचारलं.

"एका खडूस म्हाताऱ्याचं समाधान! ए. बी. म्हणून आहे कोणी परदेशातला. सहा वेळा काम परत पाठवलं. दात नसतीन त्याले, म्हणून दुसऱ्याच्या चुका चघळत बसते."

तरुणाला ठसकाच लागला. "मग सोडून काहून नाही देत?"

निकिताने लॅपटॉपची पिन नीट खोचली. "लिहिते लय चांगलं. चूक दाखवते, पण कमीपणा नाही दाखवत. त्याचं मेलवर पत्र आलं का... दिवस बरा जाते."

त्याने तिच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"दात आहेत मले. बत्तीस. मीच ए. बी., अमरदीप बाबूसिंग... परदेशातला नाही, जऊळक्याचा."

निकिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "दा—" पुढचं अक्षर काही ओठांबाहेर आलं नाही. मग एकदम म्हणाली, "तर मग करा न मंजूर!"

"नाही."

"नाही?"

"बंद केलेलं कंटेनर चालूच दाखवून राह्यलं, हे मले आजच दिसलं. पहा."

साडेचार वाजले होते. त्याचा हात की-बोर्डकडे आला, तो तिने अडवला. "माहं काम आहे. मीच करन."

मनात महादेवाचं नाव घेत ती एकेक ओळ वाचत गेली... आणि सापडलं! कंटेनर पुरतं बंद व्हायच्या आधीच तिचा प्रोग्राम त्याची खबर घेऊन मोकळा होत होता. दोन ओळी खाली सरकवल्या, पाचला दहा कमी असताना काम पाठवलं. अमरदीपने पिशवीतून लॅपटॉप काढून ते तपासलं. एकदा. पुन्हा एकदा.

मंजुरी देताना तपासणाऱ्याने लिहिणाऱ्याच्या नावाखाली आपलं नाव टाकायचं, अशी तिथली रीत. त्याने टाकलं.

"झालं!" निकिता लहान पोरीसारखी टाळ्या पिटत उठली.

"एक कबूल करू?" तो म्हणाला. "पाच वेळा खरंच चुका होत्या. सहाव्यांदा एक स्वल्पविराम राह्यला होता. मी टाकू शकलो असतो... पण मग तुमचं पत्र आलं नसतं."

"एका स्वल्पविरामासाठी पंधरा दिवस वाट पाहाले लावली मले?"

"चुकलंच माहं. पण मी बी वाटच पाहत होतो."

ती रागवायला निघाली आणि हसून बसली.

"आता काम मंजूर झालं," तो हळूच म्हणाला, "पत्र कायच्या निमित्तानं लिहू?"

निकिताने त्याच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नजर न चुकवता.

"पत्र कायले? बाबा बुधवारी घरीच आहेत. कामरगावले या, अन् त्यायच्यासमोर बोला."

"काय बोलू?"

"जे सहा पत्रात नाही लिहिलं, ते."