वापरात एक

ज्याला हे खोटं वाटेल, त्यानं बंगळुरात चामराजपेटेत यावं आणि रविकिरणलाच विचारावं. तो एक अक्षर बदलणार नाही.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा. सर्जापूर रोडवरचं ऑफिस. दुपारचे तीन.

कंप्युटरना हळदकुंकू लागलं होतं. सर्वरच्या कपाटाला झेंडूची माळ. बाहेरच्या नेटची केबलही काढून ठेवलेली.

“रवि अण्णा, आज मशीनला हात लावायचा नाही,” सोबतचा बिंदुमाधव म्हणाला. “देव कोपला तर बग तुमच्या नावावर!”

“स्वल्प बघतो, निघतो.”

“तुमचं स्वल्प म्हणजे संध्याकाळ. घरी वैनी...”

त्यानं जीभ चावली आणि तो निघून गेला.

रविकिरणची बायको, कावेरी, श्रावणात गेली होती.

ऑफिसचं काम म्हणजे हॉस्पिटलांतल्या खाटांचं बुकिंग. डेटाबेसशी बोलायला दहाच कनेक्शन. एक घ्यायचं, काम झालं की परत ठेवायचं. मध्येच काम फसलं तर परत ठेवायची ओळ रविकिरणच्या जावा कोडमध्ये नव्हती.

एवढीच चूक.

श्रावणात एका सकाळी दहाही कनेक्शन अडकली. सदतीस जण ताटकळले. घरून कावेरीचा फोन आला होता, धापा टाकत. “अहो, खाट मागितली, नुसतं चक्र फिरतंय.”

“थांब गं. होतंय.”

त्यानं रीस्टार्ट मारला. थांबलेले सदतीसही रांगेतून उडाले. त्यात ती होती. खाट मिळाली ती संध्याकाळी. तेव्हा खाटेचं काम उरलं नव्हतं.

ती ओळ त्यानं नंतर घातली. कुणाला सांगितलं नाही.

आता ऑफिसात कुणी नव्हतं. एसीसुद्धा बंद. त्यानं स्क्रीनवर पाहिलं.

मोकळी नऊ... वापरात एक.

केबल तर काढलेली होती.

त्यानं ते कनेक्शन तोडलं. मोकळी दहा.

मग कपाटातला पंखा जोरात घरघरला...

वापरात एक.

कोण धरून बसलंय? त्यानं नोंद उघडली.

कावेरी, वय ४४. खाट हवी. वेळ, श्रावणातल्या त्या सकाळची.

 त्यानं डेटाबेसमध्ये स्वतः नोंद घातली. कावेरीच्या नावे एक खाट.

पंखा थांबला.

वापरात शून्य.

“मिळाली गं,” तो म्हणाला. रडला.

डोळे पुसून पाहिलं, तर...

वापरात दहा. रांगेत सव्वीस.

त्यानं बिंदुमाधवला फोन लावला.

“रीस्टार्ट मारा की हो अण्णा! नेहमीचंच आहे.”

रविकिरणचं बोट उचलेना. त्या छत्तीस जणांना पुन्हा उडवायचं?

अंधार पडेपर्यंत तो एकेकाच्या नावे खाट घालत बसला. नाव जायचं... आणि खाली पुन्हा उगवायचं.

एकच नाव परतलं नाही.

आता तो रोज दुपारी ती यादी उघडतो. इतर कुणाच्या स्क्रीनवर ती दिसत नाही. छत्तीस नावं वरून खाली वाचतो. मग खालून वर.

कावेरी नाही.

आपणच तिला मोकळं केलं, हे त्याला कळतं. तरी उद्या तो पुन्हा वाचणार आहे.