लाज कुणाला?

धुकं इतकं दाट होतं की लिनेओला स्वतःच्या पायातले गमबूटसुद्धा दिसत नव्हते, आणि त्यात तिची लाज हरवली होती.

लाज म्हणजे कुत्री. मातकट रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला. आफ्रिकेतल्या लेसोथोच्या त्या डोंगरात कुत्र्याला गोड वाटतं म्हणून नाव देत नाहीत. शेजाऱ्याला तोंडावर जे बोलता येत नाही, ते कुत्र्याच्या नावात घालतात आणि रोज सकाळी अंगणात उभं राहून मोठ्यानं हाक मारतात. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं. तो जाब विचारायला आलाच तर— अहो, मी माझ्या कुत्र्याला बोलावत होते!

"लाज! ए लाज! कुठे उलथलीस?"

"इकडे आहे," धुक्यातून आवाज आला. "माझ्या कांबळ्यात."

आधी कांबळं दिसलं. तपकिरी, पिवळ्या पट्ट्यांचं, खांद्यावर मोठ्या पिनेनं अडकवलेलं. मग त्यातून डोकावणारा एक उभा कान. आणि मग तो. भुवयांपर्यंत ओढलेली लोकरी टोपी, पापण्यांवर दवाचे थेंब. घळीपलीकडच्या उतारावरचा मोलेफी! हिवाळा लागल्यापासून ती ज्याला ऐकू जावं म्हणून ओरडत होती, तोच. इतक्या जवळून तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. जवळून तो चोरासारखा मुळीच दिसत नव्हता, आणि याचाच तिला राग आला.

"घ्या, आउसी लिनेओ. लाज अशी मोकळी सोडू नये."

"जिथे कमी असते तिथे ती आपणहून जाते, अबुती." तिथल्या रीतीनं त्यानं ताई म्हटलं, तर तिनंही दादा म्हटलं.

"तरीच! रोज माझ्याकडे येते." तो हसला. कुत्री तिच्या हातात देताना त्याची गार बोटं तिच्या मनगटाला लागली. "एक विचारू? मी केलंय तरी काय?"

"वरच्या माळावरच्या गवताला विचार."

तो काहीतरी बोलणार होता... पण नाही बोलला. टोपी आणखी खाली ओढून धुक्यात निघून गेला. गप्प बसला म्हणजे गुन्हा कबूल, असं लिनेओनं मनाशी ठरवलं. तरी घरी पोचेपर्यंत ती आपलं मनगट दुसऱ्या हातानं धरून चालत होती.

झालं होतं असं. शहरातलं शिवणकाम सोडून ती आईकडे राहायला आली, त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिला वरच्या राखीव माळावर पिवळ्या पट्ट्यांचं कांबळं दिसलं होतं. पुढे लांब लोकरीच्या शेळ्यांचा कळप. ते गवत गावानं हिवाळ्यासाठी राखलेलं. गावप्रमुख मोकळीक देईपर्यंत तिथे कुणी जनावर घालायचं नाही. घातलं तर थेट कोंडवाडा. मोलेफी तेव्हा नुकताच आपल्या मामाच्या रिकाम्या घरात येऊन राहिला होता. नवा माणूस, आणि आल्या आल्या गावाच्या तोंडचा घास चोरतो! लिनेओनं तक्रार केली नाही. पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं.

थोड्याच दिवसांत पलीकडच्या अंगणात एक काळा कुत्रा दिसू लागला. त्याचं नाव होतं 'कुणाला'.

मग रोजची सकाळ अशी सुरू व्हायची. इकडून लिनेओ ओरडायची, "लाज!" घळीवरून उत्तर यायचं, "कुणाला?" झऱ्यावरच्या बायका बादल्या खाली ठेवून हसायच्या.

त्या धुक्यानंतर मात्र काहीतरी बदललं. लाज रोज पलीकडे पळायची, कारण मोलेफी तिला भांड्याच्या बुडाला लागलेली पापा नावाच्या मक्याच्या घट्ट लापशीची खरपुडी द्यायचा. तो रोज तिला झऱ्यापर्यंत आणून सोडायचा. आणि लिनेओला नेमकं त्याच वेळी पाणी लागायचं.

"परवा तर भरून नेलंस एवढं पाणी," तो म्हणायचा.

"आमचं मांजर फार पितं."

"मांजर?"

"म्हातारं आहे. चुलीला चिकटून बसतं, तहान लागते त्याला."

"बिचारं!" तो गंभीरपणे म्हणायचा. "उद्या त्याला आणखी तहान लागो."

बादली डोक्यावर घेऊन चढ चढताना लिनेओ हसू दाबायची आणि पाणी मानेवर सांडायचं. गवतचोर! गवतचोरावर कुणी असं... छे! घरी आली की ती मुद्दाम दोनदा जास्त ओरडायची, "लाज! लाज!" आपण नेमकं कुणाला बजावतोय हे मग तिचं तिलाच कळेनासं व्हायचं.

एका सकाळी अंगण पांढरंशुभ्र होतं. रात्रभर बर्फ पडून आता उघडलं होतं. लिनेओ शेणी आणायला बाहेर आली तर गोठ्यापाशी पाद्री उभा.

पाद्री हे आईचं लाडकं गाढव. डोळे कायम अर्धे मिटलेले, जणू मनातल्या मनात प्रार्थना चाललीय. त्यानं मान पुढे केली, ओठांनी फाटकाची तार अलगद उचलली, खुंट्यावरून काढली आणि फाटक नाकानं ढकललं. मग तो शांतपणे वरच्या माळाकडे निघाला. त्याच्यामागे आईच्या शेळ्या, एकीमागे एक, रविवारी देवळात निघाल्यासारख्या.

लिनेओ शेणी घ्यायची विसरून भिंतीआड सरकली.

माळाच्या कडेला पिवळे पट्टे हलले. मोलेफी वरून उतरत होता, गुडघाभर बर्फातून. त्यानं पाद्रीच्या कानात काहीतरी सांगितलं, त्याला फिरवलं आणि कळप खाली हाकलत आणला. शेवटची शेळी आत गेल्यावर त्यानं तार पुन्हा खुंट्याला अडकवली. हाताला सवय असल्यासारखी. लिनेओ भिंतीआड उभी होती. तिला त्याची पाठ तेवढी दिसली.

त्या संध्याकाळीही हेच होतं तर. शेळ्या त्याच्या नव्हत्याच. तो ह्याच शेळ्या परत आणत होता. आणि विचारलं तेव्हा गप्प बसला, कारण खरं बोलला असता तर कोंडवाड्यात तिच्याच आईच्या शेळ्या गेल्या असत्या.

एवढ्या थंडीत तिचे कान जळायला लागले.

त्या दिवशी लाज पळाली, पण लिनेओच्या तोंडून हाक फुटेना. दुसऱ्या दिवशीही नाही.

"काय गं, आवाज बसला की काय?" आईनं विचारलं. ती चुलीपाशी मांजराला मांडीवर घेऊन बसली होती. लिनेओनं सगळं सांगून टाकलं.

"पाद्री तर जन्माचा चोर," आई म्हणाली. "पण शेळ्या आपोआप घरी यायच्या. मला वाटायचं, देवच आणतो."

"मे! हसतेस काय?" लिनेओ म्हणाली. तिथे आईला मे म्हणतात, आणि गावातल्या मोठ्या बायकांनाही.

"नाही हसत. मोलेफी चाललाय म्हणे, खाली सखल भागात. उद्या सकाळी. इथे लोकर कातरायला कुणी बोलवेना त्याला. म्हणतात, त्या माणसात काहीतरी खोट आहे."

"का म्हणतात असं?"

आईनं मांजराच्या पाठीवरून हात फिरवला. "मला काय विचारतेस? तुझ्या कुत्रीला विचार."

दुपारीच लिनेओ घळ उतरून पलीकडे गेली. दारापाशी उभी राहून, दार वाजवण्याऐवजी तिकडे म्हणतात तसं म्हणाली, "को-को!" तो आवाज तिचा नव्हताच, एखाद्या उंदराचा होता.

"या."

तो खोगिराच्या पिशवीत कातऱ्या भरत होता. काळा कुत्रा चुलीपाशी पडला होता.

"लाज आज इथे नाही," मोलेफी म्हणाला.

"माहीत आहे. मी... गाढव पाहिलं मी. तार काढताना. आणि तुलाही." ती जमिनीकडे बघत होती. "माफ कर मला."

"केलं." त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळे हसत होते, पण थकलेले होते. "पण तू पण अजब आहेस हं. शिवी द्यायची ती सगळ्या डोंगराला ऐकवून, आणि माफी मागायची चुलीपुढे, कुत्र्याच्या साक्षीनं?"

तो थट्टेनंच म्हणाला. पण लिनेओला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण गडप व्हावं. कांबळं तोंडावर ओढून ती जी निघाली, ती घरी येऊनच थांबली.

सकाळी ऊन पडलं होतं. बर्फ डोळ्यांत खुपत होता. झऱ्यावर बायकांची गर्दी होती; गावप्रमुख मे मामोसा स्वतः बादली घेऊन आल्या होत्या, घरचा नळ गोठला म्हणून. पलीकडच्या वाटेवर मोलेफीचं घोडं निघालं. मागे काळा कुत्रा.

लिनेओ अंगणाच्या कडेला आली. पायाशी लाज शेपूट हलवत बसली होती, म्हणजे हाक मारायचं काही कारणच नव्हतं. सगळा डोंगर ऐकणार होता. शहराची हवा लागलेली लिनेओ कशी चुकली, हे लोक पुढच्या हिवाळ्यापर्यंत चघळणार होते. आणि शेळ्या?

घोडं वळणाशी पोचलं.

"लाज!" ती ओरडली.

बायकांनी बादल्या खाली ठेवल्या. घोडं थांबलं. वितळणाऱ्या बर्फाचा टिपटिप आवाज येत होता. मग पलीकडून, सावकाश—

"कुणाला?"

"मला!"

समोरच्या कड्यानं तो शब्द उचलला आणि परत फेकला. मला... मला...

"मलाच!" आता तिला थांबता येईना. "माळावर आमचं गाढव जातं! तेच शेळ्या नेतं! मोलेफी त्यांना परत आणतो! मी उगीच त्याला—"

"अगं, शेळ्यांचं नको सांगूस!" मागून आई धावत आली. "कोंडवाडा!"

सगळ्यांनी मे मामोसांकडे पाहिलं. त्यांनी बादली सावकाश भरली, बाजूला ठेवली आणि वर तोंड करून विचारलं, "कोंडवाड्यात गाढवाला घालू, की ह्या पोरीला?"

झऱ्यावर हशा पिकला. "आणि ए, कातरणाऱ्या!" त्या पलीकडे ओरडल्या. "माझ्या शेळ्यांची लोकर काय कड्यावरून कातरणार आहेस? उतर खाली!"

लिनेओ घरात पळाली नाही. फार वाटत होतं पळावंसं. कान लाल, डोळ्यांत पाणी, ती तिथेच उभी राहिली. घोडं घळीत उतरलं, चढलं, अंगणाशी आलं. मोलेफी खाली उतरला. दोन्ही कुत्री एकमेकांभोवती गरागरा फिरायला लागली.

"फार ओरडलीस," तो हळूच म्हणाला. "मांजराला तहान लागली असेल."

ती हसली आणि रडलीही. मग कांबळ्याची पिन उगीचच काढून पुन्हा लावत म्हणाली, "तिचं नाव बदलते मी. आजच."

"नको गं. लाज असू दे. घरात थोडी असावी."

"कुणाच्या घरात?"

आता मोलेफीचेच कान लाल झाले होते. तो वळला आणि गोठ्याच्या फाटकाची तार उगीचच घट्ट करत बसला. पाद्री अर्धे डोळे मिटून त्याच्याकडे बघत होता.