लवकर सरणारा गॅस

सकाळी सहाला रूपाली गोठ्यात गेली. दोन म्हशी, तीन गायी आणि एक गोऱ्हा. शेणाच्या चार पाट्या तिने उकिरड्यावर रित्या केल्या, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन शेगडी पेटवली. ज्योत फडफडली, पिवळी झाली आणि विझली. चहाचं पाणी कोमटच राहिलं. इंझोरीतल्या कोणत्याही घरी अशा वेळी बाई कपाळाला हात लावते. रूपाली मात्र आरशासमोर गेली आणि नीट घातलेली वेणी सोडून पुन्हा घालू लागली.

याला कारण होतं. सहा महिन्यांपूर्वी लखन शेजारच्या प्रयागबाईंचं सिलिंडर चुकून रूपालीच्या दारात घेऊन आला होता.

“आमी तं नंबर लावलाच नाही,” ती म्हणाली होती.

“मंग लावा न…” तो बोलून गेला, आणि स्वतःच लाजला.

लखन शेलूबाजारचा; गॅसच्या टेम्पोवर कामाला. गल्लीभर त्याची हाक फिरे— “वैनी, सिलिंडर!” “मावशी, सिलिंडर!” रूपालीच्या दाराशी मात्र नुसतं “सिलिंडर…” आणि पुढे काहीच नाही. त्या रिकाम्या जागी तो कोणतंही नातं ठेवत नसे, हे तिला दुसऱ्याच खेपेला कळलं.

“मोबाइलवर आलेला कोड सांगा.”

“चार.”

“मंग?”

“मंग… थांबा, दिसूनच नाही राह्यला.”

चार आकडे सांगायला तिला एक कप चहाइतका वेळ लागे. तेव्हापासून दीड महिना पुरणारं सिलिंडर महिन्यातच सरू लागलं. आंघोळीचं पाणीसुद्धा गॅसवर तापू लागलं. तिचे वडील नानाजी एकदा म्हणालेच, “रूपे, कायची भट्टी लावली व घरात?”

नंबर लावल्यावर लखन आला, तो या वेळी काळजीतच. त्याने नळीला बोटाने साबणाचा फेस लावला, वाकून पाहिलं. एकही बुडबुडा नाही.

“गळती तं नाही. मंग एवढा गॅस जाते कुठं?”

रूपालीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “मले काय माईत!”

तो हात धुवायला मागच्या दारी गेला आणि उकिरड्याकडे बघत उभा राहिला. परत येऊन नानाजींना म्हणाला, “काका, गोबरगॅस बांधा. हा सिलिंडरातला गॅस जमिनीच्या पोटातून काढेल हाये, एक दिवस सरनच. शेन तं रोज सकाळी नवं येते.”

“तू सिलिंडरवाला असून असं सांगतं?”

“खरं ते सांगतो, काका.”

रूपाली त्याच्या मागोमाग टेम्पोपर्यंत गेली. “लई शहाने तुमी! अन् आमचा गॅस सरलाच नाही, तं तुमी कायले येसान?”

रिकामं सिलिंडर हातात धरून लखन तसाच उभा राहिला. हा हिशेब त्याने केलाच नव्हता.

“हे… माह्या ध्यानातच नाही आलं.” मग खाली बघत, हळूच, “हिवाळ्यात आमची गाडी आठ दिवस आली नव्हती. तुमी चुलीवर रांधलं. मी आलो तवा तुमचे डोळे लाल होते. तवाच मनात आलं होतं, या घरातला धूर गेला पाह्यजे.”

आईच्या पश्चात, घरात गॅस येईपर्यंत, रूपालीने कितीतरी वर्षं चुलीपुढे डोळे पुसले होते. ते कुणाच्या लक्षात राहावेत असं तिला कधी वाटलंही नव्हतं. तो येणं थांबेल, ही धास्ती होतीच. पण ज्याने आपलंच निमित्त मोडून तिचं भलं पाहिलं, त्याचा शब्द खाली पडू देणं तिला जमणार नव्हतं.

“बाबा, बांधू आपन,” तिने संध्याकाळी सांगितलं.

खड्डा खणला गेला, गवंडी आला. आणि पाच रविवार लखनही आला… सुट्टीच्या दिवशी, जीपने, सिलिंडरशिवाय. विटा वाहिल्या, शेणाचा काला ढवळला. पहिला गॅस पेटेना, तो हवेत सोडून दिला. सहाव्या रविवारी शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. संथ, न फडफडणारी.

“तुमचे उपकार—” रूपाली म्हणू लागली.

“उपकार नका म्हनू.”

“मंग काय म्हनू?”

“काहीबी म्हना… फक्त दादा नका म्हनू.”

ती हसली, हसता हसता डोळे भरले. या वेळी धूर नव्हता.

“रूपाली,” त्याने पहिल्यांदाच नाव घेतलं, “आता यायले कारन नाही उरलं. बिनकारनाचा येत जाऊ?”

“कारन मी पाहीन,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजी ओट्यावर बसले होते. ती त्यांच्यासमोर बसली.

“बाबा, लखनच्या घरी बोलनं करा. मले तो पसंत हाये.”

नानाजींनी तिच्याकडे पाहिलं. “त्याले?”

“त्याले बी.”

रूपालीने खुंटीवरचा इस्त्रीचा सदरा काढून दिला. नानाजींनी तो घातला, टोपी झटकली आणि आठच्या जीपने शेलूबाजारला निघून गेले.