ठिणगी आणि वजनकाटा

पाठ ओळखण्यात ठिणगीची चूक झाली, तिथून हे सगळं सुरू झालं.

ठिणगी म्हणजे माझी नात. नाव वेगळं आहे, पण स्वभाव हाच! ती उपग्रह बनवते. तिच्या कामाच्या खोलीत धुळीचा कणही चालत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, टोपी, तोंडाला मास्क. आत गेलं की सगळे सारखेच, पिठात लोळलेल्या उंदरांसारखे. फक्त डोळे तेवढे दिसतात.

तर ठिणगीने मैत्रीण समजून एका पाठीवर धपाटा घातला आणि ती कुजबुजली, "अगं, तो वजनकाटा आलाय म्हणे! माझा व्हॉल्व्ह लपव!"

पाठ वळली. वर दोन काळेभोर डोळे.

"लपवा की," डोळे म्हणाले, "पण वजनासकट लपवा."

तोच तो वजनकाटा! उपग्रहाचं वजन ठरलेल्या आकड्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. दिसेल तिथे कापत सुटायचा. उद्या लग्नात वरमाला घालायला उभा राहिला तर आधी हार तोलून बघेल, असा माणूस!

आता ठिणगीचा व्हॉल्व्ह म्हणजे काय, तर ऐका. वर आकाशात जुने उपग्रह फिरतात, त्यांचं इंधन संपलं की धडधाकट असूनही मोडीत. म्हणून यांनी पंपवाला उपग्रह काढला. तो तहानलेल्या उपग्रहाला जाऊन चिकटणार, नळी जोडणार, टाकी भरणार. पेट्रोल पंपच म्हणा ना, फक्त हवा भरून मिळणार नाही, कारण तिथे हवाच नाही! हे जमतं का, ते पहिल्यांदाच करून दाखवायचं होतं. नळीला ठिणगीने एकापुढे एक दोन व्हॉल्व्ह बसवले होते. एक अडकून उघडा राहिला तर दुसरा बंद होईल. दुसरा नसला तर इंधन बाहेर फवारलं जाणार, उपग्रह भोवऱ्यासारखा गरगरणार आणि सगळ्यांची मेहनत मातीत. मातीत तरी कुठे, पोकळीत!

वजनकाटा मात्र रोज तिच्या टेबलाशी. कधी स्क्रू उचलून बघ, कधी नुसतंच उभं राहा.

"आजी, त्याचा डोळा आहे माझ्या दुसऱ्या व्हॉल्व्हवर."

"व्हॉल्व्हवरच आहे ना गं?"

"आजी!"

"नाही, विचारलं आपलं…"

एकदा जेवून परत आली, तर हा तिच्या टेबलावर वाकलेला. शेजारी काटा, हातात नळी.

"माझ्या मागे माझ्या वस्तूंना हात?"

"तुमच्यासमोर लावला असता, तर हात राहिला असता का?"

डोळे हसत होते. पण हसणाऱ्या डोळ्यांवर भरवसा ठेवणाऱ्यातली आमची पोरगी नव्हे. त्यातून दोन दिवसांनी तो साहेबांच्या कानाशी लागलेला दिसला. ही आत शिरताच दोघं गप्प. झालं! तिची खात्रीच पटली.

खरं सांगू? लबाडी हिचीच होती. वस्तू अजून बनायची होती, तेव्हाच प्रत्येकाने आपापल्या वस्तूचं वजन सांगायचं होतं. हिने ते फुगवून सांगितलं. कापा म्हणाले, की फुगवलेलं तेवढं कापून द्यायचं! तिथे बरेच जण करतात म्हणे. पण सगळ्यांचे फुगे एकत्र झाले आणि बेरीज हाताबाहेर गेली.

साहेबांनी सगळ्यांना कामाच्या खोलीतच, काट्याभोवती बोलावलं. "दुसरा व्हॉल्व्ह काढून टाका."

ठिणगीने वजनकाट्याकडे असं पाहिलं, की माझ्याकडे पाहिलं असतं तर मी जळून गेले असते.

तो उभा राहिला. "सर, काल म्हणालो तेच पुन्हा म्हणतो. तो व्हॉल्व्ह राहू द्या. मी दुसरीकडून वजन काढतो. कॅमेरा धरणारे आधार पोखरून पातळ केलेत. अजून थोडं सुटेल."

ठिणगीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. हा… हा व्हॉल्व्ह वाचवत होता?

आता गप्प बसली तर व्हॉल्व्ह जाणार. बोलली तर सगळ्यांसमोर अब्रू! ती उठली, टेबलावरून आपली नळी व्हॉल्व्हसकट आणून काट्यावर ठेवली.

"मी खोटं वजन सांगितलं होतं, सर. खरं हे आहे."

साहेबांनी आकडा बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि मग बाकीच्यांकडे. "अजून कोणाकोणाला खरं बोलायचंय?"

एकेक मान खाली गेली. एकेक वस्तू काट्यावर आली. दुसरा व्हॉल्व्ह राहिला. ठिणगीला बोलणीही बसली, तीही पोटभर.

बाहेर व्हरांड्यात तिने त्याला गाठलं. त्याचा मास्क उतरलेला. गालावर मास्कच्या दोरीचा वळ, आणि कान लाल.

"तुम्हाला माझं खोटं ठाऊक होतं?"

"तुमच्या टेबलावर मोजलं ना, तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही सांगाल असं वाटत होतं… आणि नसतं सांगितलं, तरी मी—"

"तरी काय?" ठिणगीने डोळे बारीक केले. संशय असा लगेच थोडाच जातो? "हे सगळं व्हॉल्व्हसाठी केलंत, की आणखी कशासाठी?"

तो खाली बघत हळूच म्हणाला, "व्हॉल्व्ह एकदाच मोजायचा होता. बाकीचे दिवस… मी तुम्हाला बघायला यायचो."

ठिणगी पहिल्यांदाच लाजली. मी पैजेवर सांगते, जन्मात पहिल्यांदा!

"मग… उद्या काय निमित्त काढणार?" तिने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "उद्या सरळ येईन."