दुपारी दोन ते पाच बेल वाजवू नये

हे घडलंय. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, माझा आग्रह नाही.

आम्ही बौद्ध. भूतबित, उतारे, अंगात येणं, यातलं काही मानत नाही. त्यात मी तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. तिथे माणसंच भुतासारखी फिरत असल्यामुळे खऱ्या भुताची भीती कधी वाटलीच नाही.

पण गेल्या मार्चमधला तो शुक्रवार...

रात्र नव्हती. भर दुपार होती.

कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर माझ्या धाकट्या भावाचा, राकेशचा फ्लॅट आहे. राकेश बसचा ड्रायव्हर. कायम पहिली पाळी. पहाटे चारला बाहेर, दुपारी दोनला घरी. मग पाचपर्यंत झोप. त्यानं स्वतःच्या हातानं दारावर पाटी लावली होती:

‘दुपारी दोन ते पाच बेल वाजवू नये. ड्रायव्हर झोपला आहे. त्याची झोप मोडलीत तर उद्या तुम्हीच त्याच्या बसमध्ये असाल.’

स्वतःही तो कधी बेल वाजवायचा नाही. घरी आला की जाळीच्या दारावर किल्ली आपटायचा. एकदा. पहाटे निघताना दोनदा.

आमचे वडील कंडक्टर होते. लहानपणी आम्ही दोघं पाटावर बसून बस-बस खेळायचो. तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. एक बेल म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. मी दोन बेल दिल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही. जेवण गार झालं तरी नाही. असला हट्टी.

नोव्हेंबरमध्ये गाडी चालवतानाच त्याच्या छातीत कळ आली. त्यानं बस बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. एकाही प्रवाशाला खरचटलं नाही.

माझा भाऊ मात्र गेला.

त्याची मुलगी दीपाली. सोळा वर्षांची, अकरावीत. बापाची सावली. ती रडली नाही. अंत्ययात्रेत नाही, पुण्यानुमोदनालाही नाही. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. तिची आई सुजाता रोज सात वाजता कामावरून यायची, तोवर पोर घरात एकटीच.

मार्चमध्ये सुजाताचा फोन आला.

‘‘ताई, दीपाली माझ्याशी बोलत नाही. पण दुपारी घरात कुणाशी तरी बोलते. शेजारच्या काकूंनी ऐकलंय.’’

वारज्याहून मी दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन आले. मंगळवार होता.

दुपारी दोनच्या सुमारास दीपालीनं दोन ताटं वाढली. मला वाटलं, एक माझं.

‘‘आत्या, तू नंतर बस ना. तो पप्पांचा पाट आहे.’’

मी काही बोलणार, तेवढ्यात...

टक.

जाळीच्या दारावर. एकदा.

दीपाली उठली. दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पायऱ्यांवर ऊन पडलेलं होतं, तेवढंच.

ती बाजूला सरकली... कुणाला तरी आत यायला वाट द्यावी तशी.

थोड्या वेळानं आतल्या खोलीचं दार आपोआप लागलं. पंख्याची कुरकुर सुरू झाली.

‘‘हळू बोल,’’ ती म्हणाली. ‘‘पप्पा झोपलेत.’’

मी आत जाऊन पाहिलं. पलंग रिकामा होता. पण उशी मधोमध दबलेली होती.

बुधवारी तेच. गुरुवारी तेच. मी स्वतःला समजावत राहिले. वारा असेल. वायरिंग असेल. सुजाताला सांगायची हिंमत झाली नाही, हे मी कबूल करते.

गुरुवारी रात्री मी दीपालीच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा ती आपणहून बोलली.

‘‘आत्या, पप्पांनी प्रॉमिस केलं होतं. परीक्षा संपली की मला पूर्ण फेरीला नेणार. पुढच्या सीटवर. उद्या माझा लास्ट पेपर.’’

‘‘बाळा, पप्पा आता नाहीत.’’

‘‘आहेत. आज म्हणाले, उद्या पाचला निघू.’’

माझा हात तिच्या केसांतच थांबला.

शुक्रवारी ती पेपर देऊन आली. दोनला टक झालं. पंखा सुरू झाला. साडेचारला मी सुजाताला फोन लावला, ‘‘आत्ता निघ.’’ दीपाली नवा ड्रेस घालून, वेणी घालून, बूट चढवून सोफ्यावर बसली.

हात धरून तिला बाहेर ओढायला गेले. हलली नाही. एवढीशी पोर, पण हलली नाही.

पाच वाजले.

पंखा थांबला.

आतलं दार उघडलं... आणि मग जाळीच्या दारावर...

टक टक.

डबल बेल.

दीपाली उभी राहिली. दार उघडून जिन्याकडे चालू लागली. उजवा हात थोडा वर, कुणीतरी बोट धरल्यासारखा. मी तिचा दुसरा हात पकडला. बर्फ होता नुसता. ती पहिल्या पायरीशी पोचली. मी तिच्यामागे फरफटत होते.

मागे दाराशी ती पाटी दिसली. तिच्याखाली बेलचं बटण.

मी तिचा हात सोडला आणि बटण दाबलं.

एकदाच.

दीपालीचा पाय हवेतच थांबला.

जिन्यात काहीतरी थांबलं. कसं सांगू... चालू इंजिन बंद झाल्यावर जशी शांतता पडते, तशी.

मग ती मटकन खाली बसली आणि रडली. चार महिन्यांचं सगळं रडली. ‘‘आत्या, पप्पा गेले ना गं? खरंच गेले ना?’’ मी तिला पोटाशी धरलं. सुजाता धावत जिना चढून आली, तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो.

आज दीपाली बारावीत आहे. हसते, आईशी भांडते, मैत्रिणींबरोबर हिंडते. दुपारी आता टक होत नाही.

पण ड्रायव्हर डबल बेलशिवाय गाडी हलवत नाही. राकेश तर नाहीच नाही. म्हणजे माझा भाऊ अजून तिथेच उभा आहे, त्या जिन्यात, माझ्या बेलची वाट बघत. त्याला सोडायला हवं, मला कळतं. जीव तुटतो माझा. पण दोन बेल दिल्या आणि तो एकटा नाही गेला तर?

त्या संध्याकाळीच मी बेलची वायर तोडून टाकली होती.

परवा सुजाताशी फोनवर बोलत होते. मागे बेल वाजली.

‘‘नवीन बसवली, ताई. कुरियरवाले खोळंबतात,’’ ती म्हणाली. ‘‘थांबा हं, दीपाली उघडतेय.’’

मी फोन कानाला दाबून धरला. दुसऱ्यांदा वाजते का, ते ऐकत राहिले.

वाजली नाही.

परवा तरी नाही.