नलूची मंजुरी

मुरबे गावच्या मच्छीमार संस्थेसाठी धर्मेशने जावामध्ये वेबसाइट बनवली होती. सुक्या बोंबलाचं वजन बाया मोबाईलवर भरत. भरणारीने स्वतःच मंजूर करायचं नाही, हा नियम त्याने लॉगिनलाच बांधून दिला होता. मंजुरीचा अधिकार एकट्या नलूला, त्याच्या बायकोला. ती प्रत्येकीच्या वलांडीपाशी जाई, बांबूवर वाळणारा एक बोंबील काढून मोडे. कडकन मोडला तर मंजूर.

गणपतीच्या आधी नलू वारली. तिचं लॉगिन बंद करायला धर्मेशचा हात धजेना. माल अडू नये म्हणून बोईसरच्या ऑफिसात बसून तोच तिच्या नावाने आत शिरे आणि मंजूर करी. मासळी न बघता. बायांना नुसतं ‘मंजूर’ दिसे, कोणी केलं ते नाही.

एका दुपारी नलूच्या धाकट्या बहिणीचा, शकूचा फोन आला.

“भावोजी, माझा माल परत आला. ओलाच होता म्हना. पन बोईसरात बसून कोनाला दिसला?”

धर्मेशने काहीच परत पाठवलं नव्हतं. त्याने पाहिलं. नलूच्या लॉगिनवरून शेरा होता, ‘मोडून पाहिला नाही.’

कोणालातरी पासवर्ड ठाऊक झाला असेल, म्हणून त्याने तो बदलला. दुसऱ्या दिवशी त्याने मंजूर केलेला माल परत गेला. तोच शेरा. त्याने सगळा कोड वाचून काढला. एकदा मंजूर झालेलं परत पाठवायची सोय त्याने कधी केलीच नव्हती.

तो मुरब्याला गेला. बायांना खरं सांगायचं होतं.

“या सायेब,” एक जण म्हणाली, “हापिसाच्या एशीतून उन्हात कसे?”

बाया हसल्या. आधी नलूचा अधिकार काढू, मग बोलू, असं मनाशी म्हणून त्याने लॅपटॉप उघडला आणि बटण दाबलं.

‘तुम्हाला ही परवानगी नाही.’

हे वाक्य त्यानेच लिहिलं होतं. इतरांसाठी.

त्याने मान खाली घातली. “इतके दिवस मीच मंजूर करत होतो. तिच्या नावानं. न बघता.”



वलांड्यांकडे कोणी नव्हतं. तिथे कडकन आवाज झाला.

मग पुढच्या वलांडीपाशी.

मग त्याच्या पुढच्या.

शकूच्या वलांडीपाशी आवाज झाला नाही.

“आजचा ओलाच हाय,” शकू हळूच म्हणाली.