जमिनीवरचं विमान

शेंद्र्याच्या एका कारखान्यात एक विमान होतं, ते कधीच उडणार नव्हतं. दोन देशांनी मिळून बनवलेल्या हलक्या लढाऊ विमानाचा तो सांगाडा. पंख आपले, शेपटी त्यांची. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा विमानाच्या धातूलाही थकवा येतो. तो कुठं येतो हे कळावं म्हणून या सांगाड्याला दिवसभर यंत्रांनी हिसके देत. हवेतली विमानं पुढं जे सोसणार, ते यानं आधी सोसायचं. तडा दिसला की मुंजाबा त्याभोवती लाल खडूनं गोल काढी. तो गोल पुसेपर्यंत तिकडं धावपट्टीवरून या जातीचं एकही विमान उडत नसे.

मुंजाबा या कामानं शिणला होता. संध्याकाळी उस्मानपुऱ्याच्या खोलीवर टेकला तरी त्याचे खांदे आपोआप हिसके खात. एवढंच बरं, की हवेतलं पहिलं विमान त्याचा पुतण्या बिरू उडवत होता. भाऊ गेल्यावर त्यानंच वाढवलेला पोर.

एका सकाळी सांगाड्याच्या डाव्या पंखाला बगळ्याचं पीस चिकटलेलं दिसलं. ओलं. शेड तर बंद होती. मुंजाबानं ते काढून टाकलं. त्याच आठवड्यात बिरूचा फोन आला.

"काका, बगळा धडकला. डाव्या पंखाला. मी बरा हाय."

मग सांगाड्याच्या काचेवर ओरखडा उमटला. पुढं बिरूच्या काचेवरही, नेमका तिथंच.

नंतर एकदा मुंजाबा शिडी चढून आत डोकावला. रिकाम्या आसनाचे पट्टे आवळलेले होते, आत कुणी बसल्यासारखे. आसनावर भंडारा सांडला होता. बिरोबाची ही हळद बिरूची आई बानाबाई लेकाच्या कपाळाला नेहमी मूठभर फासायची. मुंजाबानं हात लावला. आसन कोमट होतं.

त्यानं पट्टे सोडले, भंडारा पुसला आणि फोन लावला.

"बिरू, उद्या उडू नको."

"का? तडा गावला?"

"नाय."

"मग? वाडवडलांची मेंढरं राखायची राहून गेली, म्हणून मला राखता व्हय?"

मुंजाबानं खडू उचलला. धडधाकट रिव्हेटभोवती लाल गोल काढला.

मुख्य इंजिनिअर नानासाहेबांनी भिंग लावून पाहिलं. "मला तर काही दिसत नाही, मुंजाबा."

"मला दिसतंय, साहेब."

त्याच्या नजरेवर नानासाहेबांनी कधी शंका घेतली नव्हती. उड्डाणं थांबली. त्या रात्री मुंजाबा पोटभर जेवला. खांदे गप्प होते.

दोन दिवसांनी भरदुपारी बिरू शेडच्या दारात उभा. कपाळ पिवळंधमक.

"तुमच्या तड्यानं सुट्टी मिळाली, काका! सोयगावला आईला भेटून थेट इकडंच आलो. साहेबांनी पास दिला. कुठं हाय तो तडा?"

बोलता बोलता तो शिडी चढलासुद्धा.

"बिरू, खाली ये."

"बसू तर द्या. लई ऐकलंय याचं."

तो आत उतरला. पट्ट्यांची कडी खटकन लागली.

"मुंजाबा!" मागून नानासाहेबांनी हाक मारली. तो क्षणभरच वळला.

पुन्हा पाहिलं. काचेआड डोकं दिसेना.

"बिरू?"

मुंजाबा शिडी चढला.

रिकाम्या आसनाचे पट्टे आवळलेले होते. आसनावर भंडारा सांडला होता.

त्यानं हात लावला. आसन कोमट होतं.